इंग्रजी बदलून राहिली म्हणता, पण मार्क कोणाचे कटून राहिले?

लाल_पेन

नागपूरच्या नंदनवन भागात माझे इंग्रजीचे क्लासेस आहेत, नववी ते बारावी. एकोणीस वर्षं झाली. परवा नववीच्या बॅचला रजेचा अर्ज लिहायला दिला. त्यातल्या एका पोरीचा कागद आत्ता समोर आहे. 'रिस्पेक्टेड सर' व्यवस्थित, कॉमा जागेवर, अक्षर मोत्यासारखं. पुढच्या ओळीत 'बिकॉज'च्या जागी चारच अक्षरं, बी-सी-ओ-झेड. ती तिनं खोडली आणि शेजारी पूर्ण स्पेलिंग लिहिलं. मग तेही खोडलं आणि वर पुन्हा बी-सी-ओ-झेड. विचारलं, काहून गं? तर म्हणे, "सर, पूर्ण लिहिलं तर चुकल्यासारखं दिसून राहिलं होतं."

दोन दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाही.

'भाषा बुडाली' म्हणून ऊर बडवणाऱ्यांतला मी नाही. एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसायची, म्हणून लोकांनी शब्द कापले, हे मलाही समजतं. माझी तक्रार वेगळी आहे. लंडनचं पोरगं फोनवर 'यू'चं नुसतं एक अक्षर लिहितं, पण घरात, शाळेत, बसमध्ये ते पूर्ण इंग्रजी ऐकत असतं. त्याच्याकडे दोन सदरे आहेत, घरातला आणि लग्नातला. आमच्या पोरांना इंग्रजी भेटते तीच मुळी फोनवर. सदरा एकच. तोच घालून ती बोर्डाच्या पेपरला जातात. इंग्रजी बदलते तिकडच्या लोकांच्या सोयीनं, मार्क कटतात इकडे.

म्हणून यंदापासून ठरवलंय. उत्तरात फोनची इंग्रजी दिसली की त्या उत्तराला शून्य. अर्धा मार्क नाही, एक मार्क नाही, सरळ शून्य. पटतं का?

तर्री_जास्त

शून्य? एका 'यू'साठी? सर, जरा दमानं.

'ओएमजी' हे काही फोनवाल्या पोट्ट्यांनी काढलेलं नाही. 1917 साली ब्रिटिश आरमाराचे निवृत्त अ‍ॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी चर्चिलला पत्र लिहिलं, त्यात ते आहे, आणि पुढे कंसात त्याचा अर्थही दिलाय. तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. द्यायचं का त्यांना शून्य? 'ओके' तर त्याहून जुना. 1839मध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापली होती. निव्वळ टवाळकी. आज तुम्ही पोरांच्या वहीवर काय लिहिता? ओकेच ना?

आणि 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणारा जोनाथन स्विफ्ट. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा माणूस इंग्रजीतल्या कापाकापीवर चिडला होता. त्याला खुपणाऱ्या शब्दांत 'मॉब' होता, एका लांबलचक लॅटिन शब्दजोडीचा तुकडा. आज 'मॉब'ला कोणी लाल गोल करत नाही.

माझे आजोबा तारखात्यात होते. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' असं आयुष्यभर लिहून-वाचूनही त्यांची इंग्रजी शेवटपर्यंत खणखणीत होती. लग्नाच्या शुभेच्छांना तर ठरलेली वाक्यं असायची, त्यांना नंबर असायचे. नुसता नंबर सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य छापून मिळायचं. आजच्या इमोजीत आणि त्यात मला तरी फार फरक दिसत नाही.

धरमपेठ_लायब्ररी

तर्रीभाऊ, उदाहरण तुमचंच, पण ते तुमच्यावरच उलटतं. तारेत शब्दागणिक पैसे लागायचे. तुमचे आजोबा आधी मनात पूर्ण वाक्य करायचे आणि मग एकेक शब्द गाळायचे. जुलै 2013मध्ये तार बंद झाली, तेव्हा त्या पिढीजवळ पूर्ण वाक्य शिल्लक होतं. सर ज्या पोरीबद्दल सांगतात तिनं काही गाळलेलं नाही. तिला पूर्ण शब्दच परका वाटतो. लॉर्ड फिशरनं पुढे कंसात अर्थ दिला, कारण त्याला तो देता येत होता.

शून्याचं मात्र मलाही जास्त वाटतं. अर्धा मार्क कापा.

खर्रा_सोडला

द्या सर शून्य. आम्हालेही भेटले होते. आता आम्ही लिहितच नाही, फोनले बोलून सांगतो, तो लिहितो. सीताबर्डी म्हटलं की तो 'सिटी बर्डी' लिहितो. त्याले कोण शून्य देईन?

मिहान_शटल

मी मिहानमध्ये, नागपूरच्या विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत नोकरीला आहे, दिवसभर अमेरिकेतल्या क्लायंटला मेल लिहिणं हेच काम. दोन्ही बाजूंना एक गोष्ट दिसत नाहीये. इंटरनेटच्या इंग्रजीत नियम नाहीत असं सगळे धरून चालले आहेत. नियम आहेत, आणि चांगले कडक आहेत.

पूर्णविराम घ्या. आमच्या टीममध्ये नवीन लागलेल्या पोरीनं मॅनेजरला चॅटवर सुट्टी विचारली. मॅनेजरांचं उत्तर आलं, 'ओके' आणि पुढे पूर्णविराम. पोरगी जेवली नाही. मला म्हणे, "दादा, सर चिडले वाटतं." मॅनेजर पन्नाशीचे, त्यांना शाळेत वाक्य संपलं की टिंब द्यायला शिकवलेलं. त्यांनी दिलं. हे नुसतं आमच्या ऑफिसातलं नाही. 2015मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या अभ्यासात हेच आढळलं. एका शब्दाच्या उत्तरानंतर पूर्णविराम असेल, तर वाचणाऱ्याला मेसेज कमी मनापासून आलेला वाटतो. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसं वाटत नाही. म्हणजे एकाच टिंबाचे दोन अर्थ, कागदावर वेगळा आणि फोनवर वेगळा.

बाकी बदल तर कोणाच्या लक्षातही आले नाहीत. 'ईमेल'मध्ये आडवी रेघ असायची, असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांच्या नियमपुस्तिकेनं ती 2011मध्ये काढली. 'इंटरनेट'चं पहिलं अक्षर 2016पर्यंत कॅपिटल होतं. सर, तुमच्या जुन्या नोट्समध्ये अजून कॅपिटलच असेल. त्याला किती कापायचे?

दोन सदऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. शून्य अमान्य.

लाल_पेन

@मिहान_शटल, नोट्स काढून पाहिल्या. कॅपिटलच आहे. आडवी रेघही आहे.

पण तुम्ही मुद्द्याला हात घातला. मी 'कलर' लिहिताना त्यात 'यू' घालतो. बोर्डाच्या पुस्तकात तसंच आहे. संगणक त्याखाली लाल रेघ मारतो, कारण कोणी सेटिंग बदलत नाही आणि बहुतेक ठिकाणी आधीपासून अमेरिकन स्पेलिंग लावलेलं असतं. अमेरिकन कोशकार नोहा वेबस्टरनं एकोणिसाव्या शतकात आपल्या कोशांतून हा 'यू' काढला, तो अमेरिकेपुरता होता. आता तो नंदनवनात माझ्या वर्गातून काढला जातोय. मागच्या वर्षी एक पोरगा उभा राहून म्हणाला, "सर, तुमचं स्पेलिंग फोन चूक दाखवून राहिला." वर्ग हसला. एकोणीस वर्षांची नोकरी एका लाल रेघेसमोर उभी होती जी.

दोन_टोंगळे

मला राग येतोय, म्हणून लांब लिहिते.

उमरेडकडच्या गावातली मी, दहावीपर्यंत मराठी मीडियम. आमच्या इंग्रजीच्या सरांकडेही लाल पेन होतं. पाचवीत 'वेन्सडे'तला 'डी' विसरले, तर अख्ख्या वर्गासमोर उभं केलं. त्यानंतर आठ वर्षं मी इंग्रजीत एक वाक्य तोंडातून काढलं नाही. मग नागपूरला कॉलेजात आले, हातात स्वस्तातला फोन आला. त्यावर व्हिडिओखालच्या ओळी वाचल्या. ऑनलाइन गेम खेळताना कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांशी तुटक इंग्रजीत भांडले. स्पेलिंग चुकलं तर तिथे कोणी उभं करत नव्हतं. आज मी इंग्रजीत रिपोर्ट लिहून पगार घेते. तुमच्या मते जो सदरा फाटका, तो आम्हाला मिळालेला पहिला सदरा होता. त्याआधी उघडेच होतो.

आणि फोनवर शब्द तोडले म्हणून पोरं ढ होतात, हेही खरं नाही. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळेतली मुलं तपासली. मेसेजमध्ये अशी काटछाट जास्त करणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट पुढे होती. कारण सोपं आहे. 'ग्रेट'साठी जी-आर आणि 8 लिहायचं, तर 'एट'चा आवाज त्या शब्दात कुठे आहे हे कानाला कळावं लागतं. वाचायला शिकताना तेच तर लागतं.

लाल_पेन

ताई, पाचवीतल्या प्रसंगाबद्दल काय बोलू. मी कोणाला उभं करत नाही, तरी वाचून मान खाली गेली.

पण कॉव्हेंट्रीची ती मुलं ब्रिटिश होती, दहा-बारा वर्षांची. 'ग्रेट'चा आवाज त्यांनी आईच्या तोंडून ऐकला होता. म्हणूनच त्यांना तो तोडता आला. हा तुमचा पुरावा नाही, माझा आहे.

दोन_टोंगळे

कान आमच्याकडेही आहेत सर. शाळेनं इंग्रजी ऐकवली नाही, तर ती चूक फोनची कशी?

धरमपेठ_लायब्ररी

हा प्रश्न बरोबर आहे. मी बाजू बदलत नाही, पण बरोबर आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. काटछाट तरी पोरांची स्वतःची होती. नोव्हेंबर 2022मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत 'डेल्व्ह', म्हणजे खोलात उतरणं, हा शब्द एकाएकी वाढला. लाखो सारांशांतले शब्द मोजून संशोधकांनी ते दाखवलं. डॉक्टर लोक अचानक असे खोल उतरायला लागले नव्हते. सर, तुमच्याकडे हे पोचलं का?

लाल_पेन

पोचलं! दिवाळीत 'माय सिटी'वर निबंध दिला होता. अर्ध्याहून जास्त वह्यांत नागपूर ही एक 'व्हायब्रंट टॅपेस्ट्री' निघाली. फुटाळा तलावावर 'कालातीत शांतता' होती. रविवारी संध्याकाळची फुटाळ्यावरची गर्दी यांतल्या कोणी पाहिलेली दिसत नाही. वर्गात विचारलं, टॅपेस्ट्री म्हणजे काय रे? मागून आवाज आला, "पेस्ट्रीचा प्रकार सर." स्पेलिंगची एक चूक नाही, व्याकरणाची नाही, माझ्या पेनाला कामच उरलं नाही. खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा बी-सी-ओ-झेड बरं वाटलं. निदान ते कोणीतरी लिहिलेलं होतं.

पुण्याहून_परतलो

सगळं वाचलं. सर, तुमच्या धाग्याच्या शीर्षकात 'बदलून राहिली' आणि 'कटून राहिले' आहे. मी पुण्यात सहा वर्षं राहिलो. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये 'मी जेवून राहिलो' म्हणालो, तर समोरचा म्हणाला, "जेवून कुठे राहिलास?" टेबल खदखदून हसलं. त्यानंतर फोनवर आईशी बोलायला मी गच्चीवर जायचो.

'कर रहा है'च्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलं की 'करून राहिला' होतं. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग 1956पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, कचेरीत दोन्ही भाषा. आम्ही मराठी बिघडवली नाही, आमच्याकडे ती तशी झाली. आता तुम्हीच सांगा, मराठीच्या पेपरात 'बदलून राहिली' लिहिणाऱ्याला किती मार्क देता?

तर्री_जास्त

बोला आता सर.

लाल_पेन

शीर्षक मुद्दाम तसं नाही लिहिलं, तसंच आलं. पेपरात मी 'बदलत आहे' लिहीन, आणि न अडखळता लिहीन. पण कुठे कोणतं चालतं हे मला मार खाऊन नाही, ऐकून-वाचून कळलं, हेही कबूल.

मिहान_शटल

मग शून्याऐवजी दोन्ही लिहायला लावा. एकच निरोप, एकदा मैत्रिणीला, एकदा हेडमास्तरांना.

लाल_पेन

(तीन दिवसांनी)

लावलं. त्याच पोरीला सांगितलं, उद्या ताईचं लग्न आहे, येत नाही, हे आधी मैत्रिणीला लिही, मग मला. सरांसाठीचा अर्ज या खेपेला पूर्ण आला. 'बिकॉज' अख्खं, थोडं घाबरतच लिहिलेलं, पण खोडाखोड नाही.

मैत्रिणीला लिहिलेलं पाहिलं आणि बसलोच. त्यात इंग्रजी नव्हतीच. सगळी मराठी, फक्त रोमन अक्षरांत. 'उद्या नाई येत, ताईचं लग्न हाय', पुढे 'तू नोट्स पाठव', आणि मधोमध बी-सी-ओ-झेड. म्हटलं, हा एकच शब्द इंग्रजीत काहून? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "सर, हे इंग्रजी हाय?"

मिहान_शटल

एसएमएसच्या काळात देवनागरीत लिहिलं की 160ऐवजी 70च अक्षरं बसायची. तेव्हापासून आपण सगळे मराठी रोमनमध्ये कोंबतोय. तिच्या आईनं तसं लिहिलं असणार, तिनं ते उचललं. तिच्यासाठी तो मराठी शब्दच आहे सर.

लाल_पेन

म्हणजे अर्जात तिनं इंग्रजी कापली नव्हती, मराठी शब्द घातला होता. शून्य द्यायचं तरी कोणत्या विषयात?

तर्री_जास्त

मराठीच्या सरांकडे पाठवा कागद. त्यांचंही पेन लालच असते.