छोट्या हॉटेलांचा कचरा

छोट्या हॉटेलवाल्याला कचरा वेगळा करणं परवडत नाही असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पुठ्ठा कोरडा असेल तर भंगारवाला किलोवर पैसे देतो, त्यावर सांबार सांडलं की तोच पुठ्ठा फुकट पण कोणी नेत नाही, मग नुकसान कुणाचं? पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई २००८ पासून दारोदार कचरा घेतायत, मिक्स दिला की खरकट्यात हात घालून बाटल्या वेचाव्या लागतात त्यांना, ते बघवत नाही खरंच. आणि वडे तळलेलं तेल मोरीत ओतू नका प्लीज, पाइप तुंबतात, एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) रुको या वापरलेलं तेल गोळा करायच्या योजनेत ते बायोडिझेलसाठी घेतात. एकट्याचं तेल कमी पडत असेल तर शेजारच्या दोन-तीन टपऱ्यांनी मिळून एक कॅन भरा.