जिम रीव्हजची सगळी 'बेस्ट ऑफ' सारखी नसतात

'जिम रीव्हजचं एक ग्रेटेस्ट हिट्स घेतलं की बास, बाकी नुसती कव्हरं बदललेली' असं या अमेरिकन कंट्री गायकाच्या रेकॉर्डींबद्दल काही जण म्हणतात. तो असेपर्यंत निघालेल्या संग्रहांपुरतं ठीक. पण 31 जुलै 1964 ला तो नॅशव्हिलजवळ विमान अपघातात गेला आणि त्याच्या रेकॉर्ड कंपनीने, आरसीएने, शिल्लक टेपांवर नवी वाद्यं चढवून वर्षानुवर्षं 'नवी' गाणी काढली. 'डिस्टंट ड्रम्स' त्यातलंच. मूळ साधं डेमो (नमुन्यादाखल केलेलं ध्वनिमुद्रण), साज मागाहून चढवलेला, आणि 1966 मध्ये ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या नंबरावर! त्यामुळे त्याला बनावट तरी कसं म्हणायचं?

खरी गंमत 1981 च्या, गायिका पॅट्सी क्लाइनसोबतच्या संग्रहाची. त्यातलं युगुलगीत दोघांनी कधी एकत्र गायलंच नव्हतं. पॅट्सी तर 1963 मध्येच गेली होती, तीही विमान अपघातातच. तीन ट्रॅकच्या (आवाज वेगळ्या पट्टीवर असलेल्या) मूळ टेपांवरून दोघांचे नुसते आवाज उचलले आणि नव्या वाद्यमेळावर जुळवले. ऐकायला गोड आहे, नाही असं नाही, पण संग्रहात मी ते वेगळ्या कप्प्यात ठेवतो. जुन्या बाजारात रेकॉर्ड हातात आली की आधी उलटी करून बारीक अक्षरं वाचावीत. ध्वनिमुद्रणाचं साल कुठेच नसेल तर त्यातलं त्याचं 'ही'ल हॅव टू गो' हे गाणं लावून बघा. 1959 च्या मूळ ध्वनिमुद्रणात पियानो आणि व्हायब्राफोन अगदी दबकत वाजतात, आवाज कानाशी येतो. तिथे ड्रम ठणठणीत वाजला तर साज मागाहून चढवलेला समजा आणि पैसे खिशातच ठेवा.