नवशिकेपण मिरवायचं की उरकायचं?

पाचर:
‘नोकरी गेली? अभिनंदन! आता नवशिके व्हा, वेल्डिंग शिका, चुका साजऱ्या करा’ अशी पोस्ट फिरतेय. अभिनंदन कसलं डोंबलाचं? चूक साजरी करायला आधी ती दिसावी लागते आणि नवशिक्याला नेमकी तीच दिसत नाही. वेल्डिंग वरून झकास, खवलेदार. आत मुळाशी पट्ट्या जोडल्याच गेलेल्या नसतात. ते तपासायचं कसं, हे त्या पोस्टीत एका ओळीत तरी आहे का? ६ मिमीच्या दोन एमएस (साध्या पोलादाच्या) पट्ट्या काटकोनात टॅक करा, म्हणजे टोकांना ठिपक्याएवढं वेल्ड मारून धरा, एकाच बाजूने वेल्ड मारा, गार झाल्यावर उभी पट्टी हातोड्याने वेल्डच्या अंगाला पाडा, म्हणजे मूळ उघडतं. आत पट्टीची सरळ कड जशीच्या तशी दिसली तर ती वितळलेलीच नाही. असे जोड फोडून पाहणारा शिकतो. चुकांना हार घालणारा नाही.

निवांत:
सूर गुळमट आहे, मान्य. मुद्दा मात्र खरा. हुद्द्यावर राहिलेल्या माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटते. शिकवणारा ‘कळलं ना?’ म्हणतो, हा मान डोलावतो आणि घरी जाऊन व्हिडिओ बघत बसतो. ‘नाही जमलं, परत दाखवा’ एवढं तोंडातून निघालं की अर्धं काम झालं.

खडूस:
ते शिकवणाऱ्याला सांगा, मुलाखतीत नको! अर्जात ‘नवशिका पण उत्सुक’ लिहिलं की पगार तिथेच पाडून मागतात. खरेदी विभाग सांभाळलेला माणूस वेल्डिंगचा होल्डर (रॉड धरायची मूठ) धरण्यात नवशिका असेल. मालाचा अंदाज काढण्यात आणि पुरवठादाराला धारेवर धरण्यात नाही. शून्यापासून सुरुवात वगैरे थोतांड आहे. आणि हाताशी सहा महिन्यांचा खर्च असेल तर शिकण्याला तीनच द्या. काम शोधण्यातही दिवस जातात, पहिला पगारही महिना भरल्यावरच मिळतो. पोस्टवाल्याला हे सुचलं नाही, कारण त्यात टाळ्या नाहीत.
अवांतर: नवशिक्याने ३.१५ मिमी जाडीच्या वेल्डिंग रॉडला हात लावू नये. २.५ घ्यावा, करंट कमी लागतो, भीती वाटत नाही.

आगपेटी:
उलट! २.५ चा रॉड बारीक, हातात लवतो आणि करंट जरा कमी पडला की चिकटतो. ६ मिमी पट्टीला ३.१५ चा ६०१३ (साध्या कामाचा रॉड), १०० ते ११५ अँपिअर. आर्कची (रॉडचं टोक आणि पट्टी यांच्यात पेटणाऱ्या ज्योतीची) लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढी, रॉड ओढायच्या दिशेला १०-१५ अंश कललेला. चिकटला की लोक घाबरून हात वर घेतात. आर्क लांबली की शिंतोडे उडतात, वेल्डच्या कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडतो. चिकटत असेल तर करंट वाढवा.

खडूस:
११५ वर पातळ पाइपला भोकं पाडून दाखवा. लिहायला काय जातं!

आगपेटी:
पाइपचं नाव कोणी काढलं? वर ६ मिमी लिहिलंय. वाचायचंही शिकवू का?

पाचर:
भांडा सावकाश. त्या पोस्टीत ‘हाताला लागेल तो पत्रा सरावाला घ्या’ असंही आहे. जस्ताचा मुलामा असेल तर त्या धुराने काही तासांत थंडी वाजून ताप भरतो. मुलामा घासून काढा, नाहीतर साधी एमएस पट्टीच घ्या. दुसरं, ७०१८ या कमी हायड्रोजनच्या रॉडचा पुडा फोडून उघडा ठेवू नका. त्याने ओल धरली की जाड, कडक पोलादात हायड्रोजनमुळे वेल्डशेजारी तडे जातात, तेही कधीकधी दुसऱ्या दिवशी, जेव्हा नवशिका जोड फत्ते झाला म्हणून निघून गेलेला असतो.

निवांत:
विषय गेलेल्या नोकरीचा होता, कुणाला आठवतंय का?

खडूस:
तुम्ही मान डोलावणाऱ्यांवर बोला, आम्ही रॉडवर बोलतो. बरं आगपेटी, ६ मिमीला ३.१५, पत्र्याला आणि पातळ पाइपला २.५. झालं समाधान? पुतळा उभारू तुमचा?

आगपेटी:
पुतळा नको. अर्थिंगची पकड (मशीनची दुसरी वायर पट्टीला जोडणारा चिमटा) गंज घासून उघड्या लोखंडावर लावा, एवढं त्या पोस्टीखाली टाका. तिथेच संपर्क तुटतो, आर्क विझते, रॉड चिकटतो आणि खापर फुटतं करंटवर.