पावसाळ्यात जुन्या अपराइट पियानोच्या पट्ट्या अडकतात, तेल घालू का?

मडगावकर: घरी आजोबांचा अपराइट आहे, पाऊस लागला की मधल्या काही पट्ट्या दाबल्यावर वर येतच नाहीत, आणि काहींचं असं की पट्टी थोडी खाली जाईपर्यंत हातोडा हलतच नाही. तेल सोडलं तर चालेल का?

जुने_सूर: तेल अजिबात नको!! फेल्ट (आतलं लोकरीचं जाड कापड) ते पिऊन बसतं आणि मग निघत नाही. आधी अडकतंय कुठे ते बघा. हातोडा बोटाने तारेकडे ढकलून सोडा, रेंगाळत परत आला तर सेंटर पिनभोवतीचं (हातोडा ज्या बारीक पिनेवर फिरतो तिच्याभोवतीचं) बुशिंगचं, म्हणजे छिद्रातल्या अस्तराचं, कापड दमट हवेने फुगलंय. हातोडा मोकळा असेल तर पट्टीखालच्या पिना आणि बुशिंग तपासा.

तारवाला: दुसरा त्रास, पट्टी थोडी खाली जाईपर्यंत हातोडा न हलणं, म्हणजे लॉस्ट मोशन. पट्टीच्या मागच्या टोकावरचा कॅप्स्टन (फिरवून वर-खाली होणारा स्क्रू) किंचित वर घेतला की फट जाते, पण हावरेपणा करू नका, हातोडा रेलवरून (हातोडे टेकतात त्या आडव्या फळीवरून) उचलला गेला तर जॅक (हातोड्याला ढकलणारा छोटा दांडा) परत खाली बसत नाही आणि तोच सूर पटापट वाजत नाही. हे झाल्यावरच लेट-ऑफ (तारेला लागण्याआधी जॅक हातोडा सोडून देतो ती जागा) लावायचं, तारेपासून साधारण 3 मिमीवर हातोडा सुटला पाहिजे. हातोडा ते तार अंतर साधारण 45 मिमी, पट्टी 10 मिमीच्या आसपास खाली.

मडगावकर: म्हणजे आधी बुशिंग, मग कॅप्स्टन?

तारवाला: हो, ओल असताना कॅप्स्टन लावले तर उन्हाळ्यात सगळं परत करावं लागेल.