आयफोनवर दिसते, संगणकावर का नाही?
थेट प्रक्षेपण आयफोनवर दिसते, पण विंडोजच्या फायरफॉक्समध्ये चौकट काळीच राहते, याचा दोष काही जण इंटरनेटच्या वेगाला देतात. मला तो पटत नाही. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही प्रक्षेपण तुकड्यातुकड्यांत पाठवण्याची पद्धत आयफोनवरचा सफारी ब्राउझर स्वतःहून वाचतो, फायरफॉक्ससाठी मात्र संकेतस्थळाच्या पानात एचएलएस.जेएससारखी लायब्ररी (तयार कोड) जोडावी लागते, जी प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे उतरवून मीडिया सोर्स एक्स्टेन्शन्स या ब्राउझरमधल्याच सोयीच्या मार्गाने ब्राउझरच्या हाती देते. व्हिडिओसाठी ब्राउझरला फ्लॅश हे जोड-सॉफ्टवेअर लावण्याच्या काळात ही कटकट नव्हती (आयफोनवाले सोडून, तिथे फ्लॅश चालतच नसे!). लायब्ररी जोडूनही चित्र आले नाही, तर प्रक्षेपणाच्या सर्व्हरने आपल्या संकेतस्थळाला सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानातून आपला मजकूर वाचू देण्याची, परवानगी दिली आहे का, हे आधी तपासावे. सफारीच्या अंगभूत प्लेअरला ती लागत नाही, त्यामुळे आयफोनवर ही चूक लपून राहते.