मदत हवी आहे: दूतावासाच्या गाडीने धडक दिली, तर भरपाईचा दावा कुणावर?

दूतावासातल्या माणसाच्या गाडीने अपघात झाला, की आधी त्याचा दर्जा पाहावा लागतो. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार (राजनैतिक संबंधांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) राजनैतिक अधिकाऱ्यावर ना फौजदारी खटला, ना भरपाईचा दावा. कलम ३१मधले अपवाद (खासगी स्थावर मालमत्ता, वारसा, खासगी धंदा) इथे उपयोगाचे नाहीत. प्रशासकीय किंवा तांत्रिक कर्मचारी असेल तर कामाबाहेरच्या कृत्यासाठी दिवाणी दाव्यापासून संरक्षण नसतं (कलम ३७). वाणिज्य दूतावासाचा अधिकारी असेल तर १९६३चा वेगळा व्हिएन्ना करार लागतो, आणि त्याच्या कलम ४३प्रमाणे वाहन अपघाताचा दावा चालतो. नंबरप्लेट पाहूनच हात टेकणारे वकील नेमकं हेच विसरतात.

प्रश्न असा: प्रशासकीय कर्मचारी कामावरून घरी परतताना धडक बसली, तर ती कामातली कृती धरतात का? परराष्ट्र मंत्रालयाचा दाखला फक्त दर्जापुरता, की कोर्टाला यावरही बांधतो? शिवाय पाठवणाऱ्या देशाने दाव्यापुरतं संरक्षण सोडलं तरी वसुलीसाठी ते पुन्हा वेगळं सोडावं लागतं (१९६१च्या कराराचं कलम ३२). मग सरळ विमा कंपनीलाच प्रतिवादी करता येतं का? असा निकाल माहीत असेल तर कोणत्या देशातला तेही लिहा.