'डिग्निटी'ला मराठीत काय म्हणायचं?

परळची_अनुवादक: कॅन्सर शेवटच्या टप्प्यात असलेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. 'पेशंटची डिग्निटी जपा' असं वाक्य आहे. मी 'प्रतिष्ठा' लिहिलं. वाचून दाखवलं तर लालबागच्या मावशी म्हणाल्या, "अगं, आमचे हे गिरणीत होते, त्यांना कसली प्रतिष्ठा?" आता काय लिहू?

शाईपेन: 'सन्मान'. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर 'सन्मानाने मरण्याचा हक्क' हेच रुळलंय.

ठाकूरद्वार: सन्मान म्हटलं की शाल-श्रीफळ डोळ्यांसमोर येतं. आमची आजी 'आब' म्हणायची. माणसाचा आब राखावा.

शुद्धमती: आब फारसी. आब म्हणजे पाणी, तेज. आब-रू म्हणजे चेहऱ्याचं तेज, त्याचीच आपली अब्रू. घरात शब्द असताना उसनवारी कशाला?

ठाकूरद्वार: मग 'कागद' आणि 'शाई'पण परत करा. पत्रक भूर्जपत्रावर काढू.

वॉर्डातली: मी नर्स आहे. पेशंट यातला एकही शब्द बोलत नाहीत. ते म्हणतात 'लाज वाटते'. छातीची गाठ फुटून जखमेला वास यायला लागला की बाई नातवालाही जवळ येऊ देत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर घालतो, वास बराच उतरतो. मग तीच हाक मारते त्याला. डायपर बदलताना पडदा ओढा, अंग पुसताना लागेल तेवढंच उघडं करा, तिच्यादेखत तिच्याबद्दल मुलाशी बोलू नका, तिलाच विचारा. हे लिहा पत्रकात. शब्द कुठलाही चालेल.

शुद्धमती: कुठलाही कसा चालेल? 'लाज जपा' म्हणतं का कोणी?

वॉर्डातली: 'लाज राखा' म्हणतात की. देवालासुद्धा.

शाईपेन: बरं, 'पॅलिएटिव्ह'चं, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या देखभालीचं, काय केलंत? 'उपशामक' ना?

परळची_अनुवादक: 'पॅलिएटिव्ह केअर'च ठेवलं. उपशामक ऐकून मावशींना ते खोकल्याचं औषध वाटलं.

ठाकूरद्वार: 'शुश्रूषा' घ्या हो! मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, श्रु धातूपासून. आधी ऐकायचं, सेवा नंतर. दादरला त्या नावाचं सहकारी इस्पितळच आहे.

शुद्धमती: मान्य. फक्त 'श्रू' दीर्घ लिहा, निम्मी मुंबई ऱ्हस्व लिहिते.

शाईपेन: नावांवरून आठवलं, वांद्र्याचं शांती अवेदना सदन. १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण. 'अवेदना' काय सुरेख शब्द आहे!

परळची_अनुवादक: सुरेख आहे, पण माझी डिग्निटी राहिली. पत्रक उद्या छापायला जातंय. वॉर्डातली ताई, तुमचं पडद्याचं आणि पुसायचं जसंच्या तसं घालू का?

वॉर्डातली: घाल. जखमेचंही घाल. वासाबद्दल कोणी विचारत नाही गं, लाजतात.

शाईपेन: पण 'अवेदना' म्हणजे नञ् तत्पुरुष की बहुव्रीही?

ठाकूरद्वार: तत्पुरुष. वेदना नसणं.

शुद्धमती: बहुव्रीही. थांबा, विग्रह करून दाखवते.